कारागिरांचा सहकार आणि त्यांची नावे

चित्र किंवा शिल्प म्हणजे एखाद्या प्रतिभावंताने एकांतात बसून केलेली निर्मिती होय, ही समजूत आपल्या शाळांतूनही चांगली रुजलेली आढळते. चित्रकलेच्या तासास मुले कोपराची आड करून वही झाकतात. शेजाऱ्याने डोकावले तर आपले काही हरपेल, अशी त्यांस धास्ती वाटते. उलटपक्षी, स्नेहसंमेलनातील प्रदर्शनासाठी सहा जणांनी आठवडाभर खपून केलेल्या तक्त्याखाली, ज्याचे अक्षर वळणदार त्या एकाचेच नाव झळकते आणि बाकीचे पाच जण मुकाट्याने ते पाहून घरी जातात. आमच्या मते हे दोन्ही दोष एकाच मुळापासून फुटलेले आहेत. काम अनेकांचे असते हे ज्यास उमगले नाही, तो एकतर ते लपवितो, नाहीतर ते सर्वस्वी आपलेच म्हणून मिरवितो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या पुस्तकांत ज्यास औरंगाबाद जिल्हा म्हटले आहे तेथे, राहणाऱ्या विद्यार्थ्यास या विषयाचा अभ्यास करण्यासाठी दूर जावे लागत नाही. वेरूळ, अजिंठा व पितळखोरे ही तिन्ही लेणी आपल्याच जिल्ह्यात आहेत. ती कोणत्या राजाने कोरविली व कोणत्या शतकात कोरविली, एवढेच आपण बहुधा पाठ करतो, कारण परीक्षेतही तेवढेच विचारले जाते. ती कोणाच्या हातांनी घडली, त्या हातांनी एकमेकांपासून काय घेतले, आणि पुढे त्यांचे काम जगापुढे कोणी नेले, याचा विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम पितळखोऱ्याकडे वळू. कन्नड तालुक्यात सातमाळ्याच्या डोंगररांगेत, गौताळ्याच्या अरण्याच्या बाजूस, ही लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्यास जाणाऱ्या प्रवाशांपैकी फारच थोडे तिकडे फिरकतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्यांच्या खोदकामास आरंभ झाला. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी तेथील दगडमाती उपसली, तेव्हा इतर शिल्पांबरोबर यक्षाची एक मूर्ती हाती आली. यक्ष ठेंगणा, पोट सुटलेला, डोक्यावर पात्र तोललेला आणि तोंडभर हसणारा आहे. त्या मूर्तीवर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरली आहे. तिचा अर्थ, कान्हदास नावाच्या हिरण्यकाराने ही केली. हिरण्यकार म्हणजे सोनार. सोनाराने दगडाची मूर्ती घडवावी, याचे प्रथम नवल वाटते. परंतु मूर्तीच्या अंगावरील दागिने पाहावेत, म्हणजे नवल ओसरते. हार कोठे वळतो, लोंबते पदक छातीवर कसे टेकते, हे ज्याने रोज मुशीपाशी बसून केले, त्यासच दगडात इतक्या सहजतेने उतरविता येईल. पाथरवटाचे हत्यार व सोनाराची नजर यांचा येथे संगम झाला आहे. आणि विशेष हे की, दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे नाव या मूर्तीमुळे आपणांस ठाऊक आहे.

असे उदाहरण एकच असते तर त्यास अपवाद म्हटले असते. परंतु सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर जो लेख आहे तोही असाच आहे: तेथील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले, असे त्यात नमूद आहे. त्याच तोरणाच्या वरच्या तुळईवर आणखी एक लेख असून त्यात राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याच्या दानाचा उल्लेख आहे. सातकर्णी हा सातवाहन वंशातील राजा, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. पैठणच्या राजाच्या पदरचा मुख्य कारागीर व विदिशेचे दंतकार यांची नावे एकाच दगडी दारावर आली, ही गोष्ट आम्हांस राजांच्या वंशावळीपेक्षा अधिक लक्षात ठेवण्याजोगी वाटते. पुणे जिल्ह्यातील कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरही, वेणुवासाचा मुलगा सामि या धेनुकाकटाच्या सुताराने हे दार केले, असा लेख आहे.

या सुताराच्या नावावरून आणखी एक गोष्ट ओघाने सांगितली पाहिजे. लेणी कोरणाऱ्यांपूर्वी आपल्या देशात उत्तम इमारती बांधत ते सुतार. त्यांच्या लाकडी सभागृहांना कमानीसारखे वळविलेले वासे असत. पाथरवट डोंगरात शिरले तेव्हा त्यांनी सुतारांची घडण जशीच्या तशी उचलली. कार्ल्याच्या छतास खऱ्या लाकडाच्या कमानी बसविल्या होत्या आणि त्या आजही तेथे पाहावयास मिळतात. पुढे वेरूळच्या दहाव्या लेण्यापर्यंत येतो, तो त्याच फासळ्या दगडातच कोरलेल्या दिसतात. डोंगराचे छप्पर पेलण्यास दगडाला या वाशांची काडीइतकी गरज नव्हती. पण सुताराचे ऋण पाथरवटाने पिढ्यान्‌पिढ्या पुसले नाही. लोकांनीही ते ओळखले. या लेण्यास 'सुताराचे झोपडे' असे नाव पडले, आणि आतील बुद्धमूर्तीस विश्वकर्मा मानून सुतार मंडळी तेथे पूजेस येत, असे एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे.

आता अजिंठा. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर ही तीस लेणी आहेत. त्यांतील पाच-सहा इसवी सनापूर्वीची, आणि बाकीची बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळची. काम कसे चाले हे पूर्ण झालेल्या लेण्यांत कळत नाही. ते अर्धवट टाकलेल्या लेण्यांत कळते. यासाठी चोविसाव्या लेण्यात अवश्य जावे. मार्गदर्शक तेथे थांबत नाहीत, तरी आपण थांबावे. खोदणारे छतापासून आरंभ करीत व खाली उतरत येत, त्यामुळे परांचीची गरज फारशी पडत नसे. एक जण समांतर बोळ पाडीत जाई. मधल्या उरलेल्या भिंतींतून दुसरा चौकोनी खांब सोडवी. तिसरा त्या खांबास गोलाई व नक्षी देई. एकाच दालनात एका टोकास ओबडधोबड खडक व दुसऱ्या टोकास झिलई केलेला खांब, असे दृश्य तेथे दिसते. म्हणजे कोणी कोणासाठी खोळंबून राहत नव्हते.

खोदकामानंतर भिंती चित्रासाठी तयार करावयाच्या. माती, दगडाची भरड, भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा देत. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवीत. तो वाळल्यावर तांबड्या रेषेने आकृती आखून मग रंग भरीत. गिलावा ओला असताना रंगविण्याची युरोपातील रीत येथे नव्हती. रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून कोरड्या भिंतीवर दिले आहेत. तांबडी व पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना व तत्सम द्रव्ये, हे बहुतेक सर्व याच मुलखात मिळण्याजोगे. निळा रंग मात्र लाजवर्द या खड्याचा, आणि तो खडा थेट अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई. कोठे बदख्शान आणि कोठे वाघूर नदी! त्या निळ्या रेघेमागे खाणकरी, तांड्यांचे व्यापारी, खडा कुटून गाळणारे, आणि शेवटी कुंचला धरणारा, इतकी माणसे उभी आहेत.

पहिल्या लेण्याच्या छताकडे पाहिले तर कामाची वाटणीही डोळ्यांस दिसते. छत लहान लहान चौकटींत विभागले आहे; प्रत्येक चौकटीत फुले, फळे, पक्षी, हत्ती, बैल, विनोदी माणसे. कमळ तर शेकडो वेळा आले आहे, तरी एका कमळासारखे दुसरे नाही. काही चौकटींतील रेषा अत्यंत सराईत आहे, काहींतील चाचरणारी. शिकाऊ हातासही छताचा एक चौकोन दिला जात असावा, असा आमचा तर्क आहे. तर्क एवढ्यासाठी म्हणतो की, त्या चित्रकारांनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही. सोळाव्या लेण्यातील लेखात दाता म्हणून हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. सव्विसाव्यात भिक्षू बुद्धभद्र याचे. सतराव्यात एका मांडलिक राजाचे कुल सविस्तर वर्णिले आहे. ज्यांनी रंगविले त्यांची नावे या लेखांत नाहीत. पितळखोऱ्याच्या सोनारास जे मिळाले ते अजिंठ्याच्या चित्रकारांस मिळाले नाही.

वेरूळच्या कैलास लेण्याचीही कथा थोडीफार अशीच आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी ते झाले. बडोद्यास सापडलेल्या इसवी सन ८१२-१३ च्या ताम्रपटात त्याची स्तुती आहे. हे आपण कसे घडविले याचा घडविणाऱ्या शिल्प्यासच अचंबा वाटला, असा तिचा भाव आहे. शिल्प्यास अचंबा वाटला हे लिहिले, पण त्याचे नाव लिहिले नाही! ती उणीव पुढे मराठीने भरून काढली. कृष्ण याज्ञवल्की याच्या 'कथाकल्पतरू' या ग्रंथात अशी कथा आहे की, राणीच्या नवसासाठी पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने सात हजार माणसे घेऊन हे देवालय शिखरापासून खाली कोरीत आणले. कथा ती कथाच. तरीही कोकसास एकट्यास पाठविण्याचे धाडस कथाकारासही झाले नाही.

येथपर्यंत कामातील सहकार पाहिला. आता झालेले काम दुसऱ्यांच्या हाती कसे जाते, हे पाहण्यासाठी अजिंठ्याच्याच कथेचा उत्तरार्ध घेऊ. तो आम्हांस पूर्वार्धाइतकाच हृदयस्पर्शी वाटतो.

इसवी सन १८१९ मध्ये मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने आला असता ही लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली. स्मिथने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली. चित्रकारांनी न कोरलेले नाव पाहुण्याने कोरावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा! १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यास चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. वटवाघळे, गांधीलमाश्या, ताप व अंधार यांच्या संगतीत गिलने सुमारे वीस वर्षे तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनम येथील स्फटिकप्रासादात मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागून थोड्या वगळता सर्व नष्ट झाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळास आहे.

त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी हे काम अंगावर घेतले. १८७२ पासून १८८५ पर्यंत ते विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास जात आणि मुक्काम करून नकला करीत. सुमारे तीनशे चित्रे झाली. पेस्तनजी बमनजी, जे पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले, ते या विद्यार्थ्यांपैकीच. ही चित्रे लंडनला पाठविली. आणि १८८५ मध्ये ती जेथे ठेवली होती तेथेही आग लागून शंभराहून अधिक जळाली. उरलेली आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला व अजिंठ्याची कीर्ती युरोपभर झाली.

तिसरी खेप १९०९ ते १९११ ची. लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्त्री. त्यांनी पूर्वी, १८९९ मध्ये, चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराचे हस्तपुस्तक इंग्रजीत आणले होते. रंग कसा वाटावा, फळी कशी तयार करावी, अशी कार्यशाळेतील गुपिते त्यात मोकळेपणाने सांगितली आहेत. अशा बाईंस अजिंठ्याची ओढ लागावी हे साहजिकच होय. त्यांनी फर्दापूरजवळ तंबू ठोकले. कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकूर यांचे शिष्य नंदलाल बसू, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व म्हैसूरचे वेंकटप्पा आले. हैदराबादेहून सय्यद अहमद व फजलुद्दीन आले. इंग्लंडहून डोरोथी लार्चर नावाची तरुणी आली. बंगाली, कानडी, दखनी व इंग्रजी बोलणारी ही मंडळी एकाच भिंतीसमोर बसून एकाच रेषेचा माग काढीत होती. मूळ चित्रकाराचा हात कोठे वळला, कोठे थबकला, हे दिवसेंदिवस न्याहाळणे यासारखे दुसरे शिक्षण नाही.

याचे फळ काय झाले ते पाहावे. नंदलाल शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे आचार्य झाले. हालदार लखनौच्या व गुप्त लाहोरच्या कलाशाळेचे प्रमुख झाले. सय्यद अहमद पुढे निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडून अजिंठ्याच्या लेण्यांचे रक्षक नेमले गेले. त्यांच्या नकला हैदराबादच्या संग्रहालयात आहेत. डोरोथी लार्चर यांनी इंग्लंडात परतल्यावर आपल्या सहकारिणीसह लाकडी ठशांनी कापड छापण्याचा कारखाना चालविला व त्यात नाव मिळविले. एका तंबूतून निघालेली ही विद्या अशी चहूंकडे गेली.

आणखी एक नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून आलेले जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी १९१६ ते १९१८ या काळात जपानी कागदावर अजिंठ्याच्या नकला केल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या महाभूकंपात त्याही गेल्या. म्हणजे लंडनला दोनदा व तोक्योला एकदा, असा तीन वेळा या चित्रांच्या नकलांचा नाश झाला. पण काम्पो यांनी कमावलेली विद्या नष्ट झाली नव्हती. १९४० पासून जपानच्या होर्यूजी मंदिरातील भित्तिचित्रांच्या नकलांचे काम सुरू झाले, त्या मंडळींत ते एक प्रमुख होते. ती चित्रे सातव्या शतकाच्या अखेरीची मानतात, आणि अजिंठ्याशी असलेले त्यांचे साम्य अनेकांनी दाखविले आहे. १९४५ मध्ये काम्पो वारले. जानेवारी १९४९ मध्ये होर्यूजीला आग लागून मूळ चित्रे करपली. १९६७-६८ मध्ये तेथील भिंतींसाठी चित्रे पुन्हा रंगविली गेली, ती या नकला व छायाचित्रे यांच्याच आधारे. अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसलेला हात जपानी मंदिराच्या असा कामी आला.

आता नावाचा प्रश्न. ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचे. हेरिंगहॅम बाईंच्या मंडळींच्या नकलांचा ग्रंथ १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने काढला. त्याच्या मुखपृष्ठावर, नकला लेडी हेरिंगहॅम व त्यांचे साहाय्यक यांनी केल्या, असे म्हटले आहे. त्या 'साहाय्यक' या एका शब्दात नंदलाल बसू सामावले आहेत! ग्रिफिथ्स व हेरिंगहॅम यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. खर्च, खटपट व योजना त्यांची होती, आणि विद्यार्थ्यांस त्यांनी सोबत नेले म्हणूनच ते शिकले. तथापि शिकणाऱ्याचे नाव शिक्षकाच्या नावात विरघळून जावे, ही चाल योग्य नव्हे असे आम्ही म्हणतो, आणि आम्ही स्वतः शिक्षकच असल्यामुळे हे म्हणण्याचा आम्हांस थोडा अधिक अधिकार आहे.

याविषयी नंदलालांच्याच कामाचा दाखला घ्यावा. भारताच्या संविधानाची हस्तलिखित प्रत सजविण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी ते शिष्यांसह केले. प्रस्ताविकेचे पान त्यांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी सजविले व त्याच्या कोपऱ्यात 'राम' अशी आपली लहानशी सही केली. आचार्यांनी ती राहू दिली. इंग्रजी मजकूर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने लिहिला. त्यांनी मानधन नाकारले, आणि प्रत्येक पानावर आपले नाव व शेवटच्या पानावर, ज्यांनी आपणांस अक्षर शिकविले त्या आजोबांचे नाव असावे एवढेच मागितले, असे सांगतात. पैसा नको पण नाव हवे, आणि आपल्या नावाबरोबर शिकविणाऱ्याचेही हवे, ही मागणी आम्हांस अहंकाराची वाटत नाही; ती हिशेबाच्या चोखपणाची वाटते.

विद्यार्थी विचारतील, मग नक्कल आणि चोरी यांत अंतर कोणते? नक्कल करणारा आपण कोठून घेतले हे सांगतो; आणि तो रेषेमागील कारण शोधीत असतो. चोरी करणाऱ्यास यांतील पहिले करावयाचे नसते व दुसऱ्यासाठी सवड नसते. चित्रकलेच्या तासास मित्राचे झाड पाहून आपले झाड सुधारले तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. खाली दोन शब्दांत तसे लिहावे म्हणजे झाले. मित्रानेही वही झाकू नये. त्याचे झाडही कोणा दुसऱ्याचे पाहूनच आलेले असते.

परंतु दुसऱ्याच्या कामास हात लावताना एक भय असते, ते सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. नकला करणाऱ्यांस मूळ रंग मंद दिसत. ते उजळ दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळी काही भागांवर रोगण चढविण्यात आले. क्षणभर रंग उठून दिसले, पण काळाने ते रोगण पिवळे व काळपट पडले. पुढे १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस बोलाविले. सुटणारा गिलावा त्यांनी भिंतीस घट्ट बसविला हे त्यांचे उपकारच. पण त्यांनीही रोगण वापरले व तेही पिवळले. ही पुटे काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची पुढे कित्येक वर्षे गेली. हेतू सर्वांचा चांगला होता. आपणांस स्पष्ट दिसावे म्हणून मूळ कामावरच थर चढविला, एवढीच ती चूक. आणि आज लेण्यांत चकाकणारा दिवा पाडून छायाचित्र घेण्याचा हट्ट धरणारे प्रवासी त्याच जातीचे होत.

शेवटी आपल्या शहरातील मागांविषयी थोडे सांगून लेखणी आवरू. हिमरू हे येथील नामांकित कापड. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली, त्या वेळी आलेल्या विणकरांनी ही कला येथे आणली असे परंपरा सांगते. उभा धागा सुती, आडवा रेशमी; त्यामुळे किनखापाची शोभा कमी खर्चात येई. नक्षी प्रथम एक जण कागदावर काढी, दुसरा ती दोऱ्यांच्या गाठींत बांधून तिचा जाळा तयार करी. मागावर विणणारा एक असे, आणि जाळ्याचे दोर ठराविक क्रमाने ओढणारा त्याचा सोबती दुसरा. यांतील एकही जण उठून गेला तर फूल अर्धेच राही. पैठणीच्या पदरात तर प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी; पदरावरील कमळाची नक्षी अजिंठ्याच्या छतावरून आली असे विणकर सांगतात. छतावर ते कमळ रंगविणाऱ्याने ते कोठून घेतले होते, कोण जाणे.

हिमरूचे हातमाग आता शहरात अगदी थोडे उरले आहेत. यंत्रमागावरचे कापडही त्याच नावाने विकले जाते. स्वस्त माल हे याचे मोठे कारण खरे, परंतु नक्षी घराबाहेर जाऊ न देण्याची जुनी रीतही आमच्या मते त्यास काही अंशी कारण आहे. जाळा बांधणारा वृद्ध गेला व त्याने कोणास शिकविले नसेल, तर भिंतीवर टांगलेला जाळा हा नुसता दोऱ्यांचा गुंता होय. तो वाचणारा मनुष्यच उरत नाही. अजिंठ्याच्या नकला तीनदा नष्ट होऊनही पुन्हा झाल्या, कारण त्या करू जाणणारे हात अनेक ठिकाणी पसरले होते. हिमरूस ते भाग्य लाभले नाही.

येत्या हिवाळ्यात वरच्या वर्गांची सहल अजिंठ्यास नेण्याचा विचार आहे. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा तो वार टाळावा लागेल. गाड्या फर्दापूरच्या फाट्याशी ठेवून पुढील चार किलोमीटर तेथील बसने जावे लागते. प्रत्येकाने साधी वही व मऊ शिसपेन्सिल न्यावी आणि पहिल्या लेण्याच्या छतातील एक चौकट निवडून ती काढावी. दोघांनी एकच चौकट निवडली तरी चालेल. मात्र मग दोघांनी जवळजवळ बसावे.